अँटिबायोटिक बंद केलं म्हणजे पेशंटवर पाणी सोडलं असं नाही

आमच्या गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक वाद मधूनमधून पेटतो आणि दर वेळी अर्धवटच विझतो. गोष्ट थोड्याफार फरकाने तीच असते. कुणाच्या वडलांना स्ट्रोक येतो, नाहीतर पर्वरीच्या हायवेवर कुणाचा मुलगा बाइकवरून पडतो, पेशंट व्हेंटिलेटरवर जातो, चार-पाच दिवस बरे जातात आणि मग ताप, एक्स-रेवर डाग, "आयसीयूत न्यूमोनिया झालाय" असा निरोप येतो. अँटिबायोटिक सुरू होतं, आठवडाभराने बंद होतं, आणि त्यानंतर काही दिवसांनी माणूस जातो. मग घरचे लिहितात की दीनदयाळ कार्डातले (सरकारी आरोग्य योजनेचे) पैसे संपत आले म्हणून औषध काढलं, कुणी म्हणतं प्रायव्हेटला नेलं असतं तर हायर अँटिबायोटिक मिळालं असतं, ग्रुपातला एखादा डॉक्टर वैतागून लिहितो की तुम्हीच फार्मसीत जाऊन मनाने गोळ्या घेता म्हणून आमची औषधं चालेनाशी झाली, शेवटी सगळे मिळून सरकारवर घसरतात आणि विषय चवथीच्या शुभेच्छांखाली गाडला जातो.

दोन्ही बाजू नको त्या जागी भांडतायत असं माझं स्पष्ट मत आहे. सात-आठ दिवसांनी अँटिबायोटिक बंद करणं हा या आजाराच्या उपचाराचाच भाग आहे, त्यात कंजूषपणा शोधू नका. भांडायचंच असेल तर भांडायच्या जागा दुसऱ्या आहेत: औषध सुरू करण्याआधी नमुना घेतला होता का, दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आल्यावर कुणी बसून परत विचार केला का, आणि आपल्या इस्पितळांच्या आयसीयूंत कुठले जंतू राहतात आणि कुठल्या औषधाला दाद देतात हे लोकांपासून झाकून का ठेवलंय. यावर कोण बोलतं? कोणीच नाही.

मी डॉक्टर नाही. माझी नोकरी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये गेली, कुठल्या ते महत्त्वाचं नाही. पण 'न्यूमोनिया झालाय' हे वाक्य ज्या नमुन्यावर उभं असतं तो नमुना मी जवळून बघितलाय. एका छोट्या प्लास्टिकच्या ट्रॅपमध्ये पेशंटच्या नळीतून सक्शनने ओढलेला पिवळट-हिरवट चिकट माल येतो, आम्ही त्याला ईटी सिक्रिशन म्हणतो. त्याची स्लाइड करून ग्रॅम स्टेन, म्हणजे पेशी आणि जंतू दिसावेत म्हणून रंग, दिला की लोकांना वाटतं आता जंतू शोधायचे, पण आधी बघायच्या असतात त्या पेशी. मोठ्या चपट्या एपिथेलियल पेशी ढिगाने दिसल्या तर ती तोंडातली लाळ, फुफ्फुसाचा त्यात फारसा संबंध नाही. पस सेल (पुवातल्या पांढऱ्या पेशी) भरपूर आणि चपट्या पेशी थोड्या असल्या तरच पुढे जाण्यात अर्थ. मग ब्लड अगार आणि मॅकॉन्कीच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या खुराकाच्या, प्लेटवर लावून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की क्लेबसिएला नावाच्या जंतूच्या गुलाबी, थबथबीत, ओल्या कॉलनी दिसतात, सुडोमोनास हा जंतू असला तर प्लेटला हिरवट झाक आणि द्राक्षांसारखा गोडसर वास, सवय झालेल्या माणसाला नाकावरूनच कळतं. त्यानंतर कुठलं औषध चालतं ती सेन्सिटिव्हिटी, त्याला आणखी एक दिवस. म्हणजे पक्का रिपोर्ट वॉर्डात पोचेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेच. आणि यातला सगळ्यात चीड आणणारा प्रकार म्हणजे नमुन्यासोबतचा कागद बघावा तर पेशंटला तीन दिवसांपासून मेरोपेनेमसारखं मोठं अँटिबायोटिक चालू! मग प्लेटवर काय उगवणार, डोंबल? 'नो ग्रोथ' लिहून पाठवायचं आणि तिकडे डॉक्टरने त्याचा काय तो अर्थ लावायचा.

बरं, उगवलं म्हणजे तरी न्यूमोनिया झाला असं आहे का? नाही, आणि इथेच सगळी मेख आहे. घशातून नळी घातलेल्या माणसाला खोकता येत नाही, तोंडातला-घशातला स्राव नळीच्या फुग्यावर साचतो आणि कडेकडेने खाली झिरपतो, आणि नळाच्या पाइपला आतून शेवाळ धरावं तसा नळीच्या आत जंतूंचा थर बसतो. काही दिवस नळी असलेल्या बहुतेक पेशंटच्या नमुन्यात काही ना काही उगवतंच. तो जंतू नुसता राहायला आलाय की फुफ्फुस खातोय हे प्लेट सांगत नाही. एक्स-रेही सांगत नाही, कारण फुफ्फुसात पाणी झालं, एखादा भाग आकसला, रक्तस्राव झाला, एआरडीएस (फुफ्फुसांना सूज येऊन श्वास कोंडणं) झाला, सगळ्यांचा डाग पांढराच. तापाला आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशींना आयसीयूत शंभर कारणं. १९७२ पासून चालत आलेला ठोकताळा असा की एक्स-रेवर नवा डाग आणि सोबत ताप, पांढऱ्या पेशींची गडबड, पू-मिश्रित स्राव यांतल्या दोन गोष्टी. १९९९ मध्ये, मेलेल्या पेशंटच्या फुफ्फुसाचा तुकडा तपासून हा ठोकताळा पडताळला तेव्हा खरा न्यूमोनिया असलेल्यांपैकी ६९ टक्केच त्यात सापडले, आणि न्यूमोनिया नसलेल्यांपैकी चारातल्या एकावर उगाच तो शिक्का बसला. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१३ मध्ये इस्पितळांची देखरेख करण्यासाठी ही व्याख्याच बाजूला ठेवली आणि व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन, प्रेशर किती वाढवावं लागलं असल्या मोजता येणाऱ्या गोष्टींवर हिशेब नेला, कारण एकाच एक्स-रेवर दोन डॉक्टरांचं एकमत होईना. तेव्हा 'आयसीयूत न्यूमोनिया झाला' हे वाक्य ऐकलं की त्यात बराचसा अंदाज असतो हे धरून चाला. डॉक्टर ते तसं सांगत नाहीत, हा त्यांचा दोष.

आता समोरच्यांचा सगळ्यात जड मुद्दा. निदान असं डळमळीत असेल तर रिस्क कशाला घ्यायची, मारा ना सगळ्यात मोठं औषध पहिल्या दिवसापासून? हा मुद्दा अर्धा मला पूर्ण मान्य आहे. पेशंटचं बीपी पडतंय, शॉकमध्ये जातोय, तर तासाभरात अँटिबायोटिक गेलं पाहिजे, आणि आपल्याकडच्या आयसीयूंतले ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला हे निर्ढावलेले जंतू बघता ते साधं असून चालायचं नाही. योग्य औषध उशिरा मिळालेले पेशंट जास्त दगावतात हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलेलं आहे. नमुना घ्यायला पाच मिनिटं लागतात, तेवढी घ्या आणि औषध सोडा, रिपोर्टची वाट बघत बसा असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण जो पेशंट स्थिर आहे, नुसता ताप आणि जरासा डाग आहे, त्याचं काय? अमेरिकेत व्हर्जिनियाच्या एका सर्जिकल आयसीयूत त्यांनी एक वर्ष संशय आला की लगेच औषध दिलं आणि दुसऱ्या वर्षी पेशंट स्थिर असेल तर पुरावा मिळेपर्यंत थांबले. २०१२ मध्ये ते छापून आलं, आणि थांबलेल्या वर्षात मृत्यू जास्त नव्हते, उलट कमी होते. आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष अशी तुलना आहे, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये हे खरं, पण 'थांबलात की मेला' ही जी भीती आपल्या डोक्यात घट्ट बसलीय तिला धक्का द्यायला ते पुरेसं आहे. आणि मुख्य म्हणजे औषध सुरू करणं हा एक निर्णय, चालू ठेवणं हा दुसरा. पहिला घाईत आणि अंदाजाने घ्यावा लागतो, मान्य, पण दुसऱ्याला दोन-तीन दिवस मिळतात आणि हातात रिपोर्ट असतो. आपल्याकडे पहिला निर्णय झाला की दुसरा कोणी घेतच नाही, कारण चालू औषध काढलं आणि पेशंट गेला तर नातेवाईक कॉलर धरतील.

प्रायव्हेटवाल्यांचा मुद्दाही घेतो. तिथे ब्राँकोस्कोपी करून, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून, थेट फुफ्फुसातून नमुना काढतात, सरकारीत नुसतं सक्शन, म्हणून सरकारीत निदान कच्चं. ऐकायला बरोबर वाटतं, आणि २००० सालच्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत ब्राँकोस्कोपीने नमुना काढलेल्या गटात पहिल्या चौदा दिवसांतले मृत्यू खरोखर कमी होते. पण २००६ मध्ये कॅनडाच्या गटाने ७४० पेशंटवर तीच तुलना केली तेव्हा काहीच फरक निघाला नाही, दोन्हीकडे साधारण १८-१९ टक्के मृत्यू. (ज्यांच्यात सुडोमोनाससारखे जंतू आधीच माहीत होते ते पेशंट त्यांनी घेतले नव्हते, म्हणजे आपल्याला हुबेहूब लागू होत नाही, तेही सांगून ठेवतो.) अमेरिकन तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शनात साध्या सक्शनच्या नमुन्यालाच पसंती दिलीय. म्हणजे आपल्या सरकारी इस्पितळांत, बांबोळीला, म्हापशाला, मडगावला जे करता येतं तेवढं नीट आणि वेळेवर केलं तरी पुरतं. बिल मोठं म्हणजे निदान पक्कं, हे समीकरण कुणी शिकवलं आपल्याला?

मग येतो तो प्रश्न ज्याने लोक खरोखर गोंधळलेत, आणि त्यांना मी दोष देणार नाही. "इतकी वर्षं तुम्हीच सांगता कोर्स पूर्ण करा, मध्येच सोडू नका, आणि आता तुम्हीच सातव्या दिवशी बंद करता?" ह्या उपदेशाचा इतिहास मजेशीर आहे. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणात एक काल्पनिक माणूस उभा केला, घसा दुखतो म्हणून दुकानातून पेनिसिलिन आणतो, पुरेसं घेत नाही, जंतू मरत नाहीत पण शहाणे होतात. त्याची काळजी कमी डोसची होती. पुढे लोकांनी त्याचं 'जास्त दिवस' करून टाकलं. आणि सात, दहा, चौदा हे आकडे तरी कुठून आले? जंतूंना आठवडा कळत नाही, कॅलेंडर आपलं आहे. २००३ मध्ये फ्रान्समध्येच ५१ आयसीयूंतल्या ४०१ पेशंटना चिठ्ठ्या टाकून ८ दिवस आणि १५ दिवस असं वाटलं, मृत्यूंमध्ये फरक नाही, आणि ज्यांना न्यूमोनिया परत झाला त्यांच्यात पंधरा दिवसवाल्यांचे जंतू जास्त निर्ढावलेले निघाले. आता इथे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की सुडोमोनास आणि त्याच्या जातकुळीच्या जंतूंमध्ये आठ दिवसांच्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं, ४० टक्क्यांच्या आसपास विरुद्ध २५. तो मुद्दा अजून पूर्ण मिटलेला नाही, आणि एखाद्या डॉक्टरने सुडोमोनास बघून दोन-चार दिवस वाढवले तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मृत्यू तिथेही वाढले नव्हते.

"ते फ्रेंच गोरे, त्यांचे जंतू वेगळे, आमचे वेगळे" हे तर ठरलेलं उत्तर. ठीक. मग २०२४ मध्ये छापून आलेली चाचणी बघा, नेपाळ, थायलंड आणि सिंगापूरच्या इस्पितळांतली, ४६० पेशंट, जंतू आपल्याइतकेच हट्टी. ताप उतरला, बीपी सावरलं की सात दिवसांच्या आत बंद करायचं असा एक गट, नेहमीसारखं लांबवायचं असा दुसरा. मृत्यू आणि आजार उलटणं यांत कमी दिवसांचा गट मागे पडला नाही, औषधांचे त्रास मात्र त्यांना कमी झाले. काठमांडूला जमतं ते गोव्यात का जमू नये?

जास्त म्हणजे चांगलं, ही समजूत काही आजची नाही आणि गोव्याला तर अजिबात नवी नाही. सतराव्या शतकात जुन्या गोव्याला येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए इथल्या राजाच्या इस्पितळाबद्दल लिहून गेलाय की पेशंटचं रक्त तीस-तीस, चाळीस-चाळीस वेळा काढत, खराब रक्त येतंय तोवर काढत राहायचं. कुणा वैद्याला त्यात पेशंटचा जीव घ्यायचा होता का? ते आपल्या परीने जीव तोडून उपचारच करत होते, आणि त्या पेशंटचे नातेवाईक जवळ असते तर त्यांनीही बहुतेक "अजून एकदा काढा" असंच म्हटलं असतं. पुढे दोनेकशे वर्षांनी, १८३५ मध्ये, पॅरिसच्या पिएर लुईने न्यूमोनियाच्याच पेशंटांची मोजदाद केली, रक्त लवकर काढलेले, उशिरा काढलेले, आणि दाखवलं की ह्या उपायाचा म्हणतात तसा गुण येत नाही. ते ऐकूनही डॉक्टर लगेच थांबले नाहीत. हातात असलेली गोष्ट न करता उभं राहणं माणसाला फार जड जातं.

पैशाचा संशय मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. कार्डाची मर्यादा आहे, चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाख, आणि व्हेंटिलेटरचं बिल किती वेगाने पळतं ते ज्याने भरलंय त्यालाच माहीत. औषध का बंद केलं हे कोणी दोन मिनिटं थांबून सांगितलं नाही तर माणूस पैशावरच जाणार ना? पण उलटा हिशेबही करून बघा. दिवस वाढले की बिल कुणाचं वाढतं? कोलिस्टिन हे शेवटचं राखलेलं अँटिबायोटिक किडनीवर येतं हे आयसीयूतल्या कुठल्याही नर्सला विचारा. एकावर भागत नाही म्हणून दोन मोठी औषधं जोडून देण्याची आपल्याकडे रीतच पडलीय, आणि २०१८ मध्ये कोलिस्टिन एकटं विरुद्ध कोलिस्टिन आणि मेरोपेनेम अशी तुलना झाली, पेशंट बहुतेक ॲसिनेटोबॅक्टरचे, तेव्हा जोडीने काही जास्त पेशंट वाचले नाहीत. शिवाय जादा दिवसांचा त्रास त्या एका पेशंटपुरता राहत नाही, निर्ढावलेला जंतू बाजूच्या बेडवर जातो. तिथेही कुणाचे तरी पपा झोपलेले असतात.

डॉक्टरांच्या बाजूलाही दोन गोष्टी सुनावल्या पाहिजेत. फार्मसीवरून मनाने गोळ्या घेण्याचं प्रमाण भयंकर आहे, शेड्यूल एच-वन, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय न विकण्याचा नियम, २०१४ पासून लागू आहे आणि तरी ओळखीच्या दुकानात काय मिळत नाही सांगा. पण आयसीयूतला ॲसिनेटोबॅक्टर काही म्हापशाच्या बाजारात घेतलेल्या ॲझिथ्रोमायसिनमधून जन्मलेला नाही. तो बेडच्या दांड्यावर, व्हेंटिलेटरच्या बटणांवर, आणि घाईत न धुतलेल्या हातांवर राहतो. लोकांकडे बोट दाखवून ती जबाबदारी टळत नाही.

आणि लपवाछपवी. २०१० मध्ये नवी दिल्लीचं नाव घेऊन एनडीएम-१ चा, म्हणजे मोठ्या अँटिबायोटिकना दाद न देण्याची ताकद जंतूंना देणाऱ्या जीनचा, पेपर आला तेव्हा आपण काय केलं आठवतंय? त्या जंतूच्या मागे लागण्याऐवजी नावावरून देशभर आरडाओरडा, मेडिकल टुरिझमविरुद्ध कटकारस्थान वगैरे. जंतूने तेवढा वेळ सत्कारणी लावला. केरळने २०१८ मध्ये राज्याचा स्वतःचा कृती आराखडा केला आणि पुढे आपल्याकडच्या जंतूंचा तक्ता, ज्याला अँटिबायोग्राम म्हणतात, तो जाहीरही केला. त्याने केरळची बदनामी झाली का? आपल्याकडे तर केरळच्या मानाने किती सोपं, एक गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), दोन जिल्हा इस्पितळं आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मोठी खासगी इस्पितळं. १८४२ मध्ये पणजीत मेडिकल स्कूल निघालं म्हणून आपण प्रत्येक भाषणात छाती फुगवतो, मग दर सहा महिन्यांनी एक पानाचा तक्ता काढायला काय हरकत आहे? आयसीयूत कुठला जंतू किती, कुठलं औषध किती टक्के चालतं, हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे किती न्यूमोनिया. यात कुणा पेशंटचं नाव येत नाही. 'लोक घाबरतील' हे उत्तर मी लॅबमध्ये असताना खूप ऐकलंय. लोक आत्ता घाबरलेलेच आहेत, फक्त चुकीच्या गोष्टीला.

व्हेंटिलेटर किती आहेत हा प्रश्न २०२१ नंतर आपल्या तोंडात बसलाय आणि ते साहजिक आहे, त्या मे महिन्यात ऑक्सिजनसाठी हायकोर्टाला मध्ये पडावं लागलं ते कोण विसरेल. पण मशीन विकत घेऊन न्यूमोनिया टळत नाही. बेडची डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवणं, दात ब्रशने घासणं (क्लोरहेक्सिडीनचं औषध फासण्यापेक्षा ब्रश बरा, हे आता अमेरिकन मार्गदर्शनही म्हणतं), नळीच्या फुग्याचं प्रेशर बघणं, रोज झोपेचं औषध कमी करून पेशंट स्वतः श्वास घेतो का ते तपासून नळी लवकर काढणं, ही सगळी माणसांची कामं आहेत. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, व्हेंटिलेटर नव्हतेच म्हणण्यासारखे, तेव्हा ब्यॉर्न इब्सेनच्या सांगण्यावरून मेडिकलच्या शेकडो विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने फुगा दाबून पेशंट जगवले आणि आयसीयू नावाची गोष्ट तिथून सुरू झाली. आपल्याकडे उलटं झालंय, मशीनं आली आणि हात कमी पडतात. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हा आपल्याच देशातला मान्य निकष आहे. विधानसभेत व्हेंटिलेटरचा आकडा विचारणाऱ्या आमदाराने रात्रपाळीला दर व्हेंटिलेटरमागे किती नर्स होत्या हाही आकडा मागावा, तो जास्त बोलका निघेल.

आणि ज्यांचं माणूस आज आत आहे त्यांनी "डॉक्टर, हायर अँटिबायोटिक द्या ना" हे बंद करून तिसऱ्या दिवशी तीन गोष्टी विचाराव्यात. औषधाआधी नमुना गेला होता का, कल्चरला, म्हणजे लॅबच्या प्लेटवर, काय आलं आणि त्यावरून काय बदललं, आणि बंद कधी करणार. काही डॉक्टरांना हे आवडणार नाही, नातेवाईक आता आम्हाला शिकवणार का म्हणतील. पण ज्याने रिपोर्ट बघितलाय त्याला उत्तर द्यायला अर्धा मिनिट लागतो, आणि ज्याने बघितलेला नाही तो निदान त्या प्रश्नानंतर लॅबला फोन तरी करील. आमचा फोन तसा दुपारनंतर रिकामाच असायचा.